हिराकाकीची सवत

काकी, तुझ्या सवतीला कापायचं की ठेवायचं, हा प्रश्न तू गेलीस त्याच दुपारी निघाला. तू अजून घरातच होतीस. ओटीवर चटईवर निजवलेली, डोक्याशी दिवा. तुझी थोरली जाऊ बायजाआजी भिंतीला टेकून डोळे पुसत होती आणि पुसता पुसता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी तवाच बोलले व्हते. तिसरीला जिती ठेवली, म्हनून चवथी गेली."

तुझा मुलगा दिनेशदादा उठला आणि मागच्या दारी गेला. तिथे तुझी रुई उभी आहे. त्याच्याहून दोन हात उंच. एप्रिलच्या उन्हात अख्खं कामोठे भाजून पिवळं पडलंय आणि ही मात्र राखाडी-हिरवी, जाड पानांची, जांभळट फुलांनी लगडलेली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग कोणाकडे न बघता म्हणाला, "सुतकात झाड तोडत नाय. दहावा होऊ दे. मग हिला बुंध्यासकट काढतो."

तू मला ओळखतेस. मी गप्प बसले असेन का? "काकीने साठी ओलांडली होती," मी म्हटलं, "नातीच्या बारशाला ती नाचली. झाडाला जीवच घ्यायचा होता तर इतकी वर्षं ते काय झोपलं होतं? ही अंधश्रद्धा आहे!"

बायजाआजीने पदर खाली घेतला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोन गो?"

आणि काकी, याचं उत्तर मला देता आलं नाही. पुतणी नाही, भाची नाही, शेजारीणसुद्धा नाही. मी रस्त्यापलीकडच्या सेक्टरातली, चौथ्या मजल्यावरची. तुझ्या घरात मी कोण, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं.

मला पत्रकं लिहिता येतात. "नागरिकहो, खाडी बुजवली जात असताना तुम्ही कुठे होता?" असली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह, आणि तळाशी "आपले नम्र". नम्र कोणीच नसतं. गेलेल्या माणसावर लिहायचं तर त्याचं शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण आहेत ते लिहितात. ते दिनेशदादा फलकावर लिहून घेईल. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

आपली पहिली भेटही भांडणाचीच. गावठाण आणि सेक्टर यांच्या मधे ती कोणाच्याच मालकीची नसलेली पट्टी आहे ना, नाल्याच्या कडेची, जिथे बिल्डिंगा बांधून उरलेला सगळा राडारोडा आणून ओतलाय? आम्ही सेक्टरातल्या काही जणांनी पावसाळ्यात तिथे झाडं लावली होती. कडुनिंब, बहावा, करंज. फोटो काढले. होळीपर्यंत निम्म्याच्या वर काड्या झाल्या. त्या काड्या मोजायला मी आले तर शेजारीच रुईची ओळ उभी. पाणी घालणारं कोणी नाही, कुंपण नाही, आणि फुलांवर काळे भुंगे असे घोंघावत होते जसं काही आत मोटर चालू आहे. एकेक भुंगा अंगठ्याएवढा, पंखांवर निळी झाक. मी मोबाइल काढून जवळ गेले.

"काय गो बाय! माज्या सवतीचा फोटू कशाला काढतंस?"

मागे वळून बघते तर तू. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी, कमरेवर हात. मी म्हटलं, "सॉरी, तुम्ही इथे राहता का?" तर म्हणालीस, "मना तुमी-बिमी नको बोलू. मी काय तलाठी हाय?"

मग मी विचारलं, सवत म्हणजे? आणि तू पाटी उतरवून तिथेच, दगडावर बसलीस. तुला गोष्ट सांगायला वेळ कसा नेहमी असायचा? मला नेहमी मीटिंगला जायचं असायचं.

तुझं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं. तुझं लग्न ठरलं ते दोन बायका गेलेल्या माणसाशी. पहिली तिच्या दुसऱ्या बाळंतपणात गेली, लहान दिनेशदादाला मागे ठेवून. दुसरी काविळीत. तिसरी बायको लाभत नाही असं सगळे म्हणत होते, म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि तुला चौथी म्हणून आणायचं ठरलं. खाडीलगतच्या खाजणाच्या बांधावर जुनी रुई होती. तिला हळद लावली, सूत गुंडाळलं, तिच्या आणि काकांच्या मधे अंतरपाट धरला. काकांनी तिच्या गळ्यात म्हणजे खोडाला काळी पोत बांधली. अक्षता पडल्या आणि लगेच तुझ्या थोरल्या दिराने कोयता काढला. तिसरी मेली पाहिजे होती ना! ती मेली की चौथीवरचं संकट टळलं.

"मना बोलले, बघू नको. मी बघितला," तू म्हणालीस. "एका घावात पडली. आनि बुंध्यातना दूध आलं, सफेद. लय आलं. मना वाटला, माज्या वाटेचा मरान हिना घेतला."

काकी, मी तुला तेव्हाच सांगितलं, आज परत सांगते. ही गोष्ट ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईच्या बदल्यात झाडाचा बळी, आणि तोही झाडाला बायको करून! दोन बायका बाळंतपणाने आणि काविळीने मेल्या. गावाला रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. त्याचा जाब कोणाला विचारला का? नाही. दोष कोणाचा, तर येणाऱ्या बाईच्या पायगुणाचा. मी म्हटलं, मी यावर पत्रक काढणार. तुझं नाव घालून.

"काढ तं बघू," म्हणालीस. "माज्या नवऱ्याचा नाव खराब केलास तर तुजा हात मोडीन."

"त्याने काय केलं हे तुला कळतंय का?"

"त्यो भ्याला व्हता, बाय. दोन बायका हातानी जालल्या मानसाला भ्या नाय वाटनार? सूत गुंडालताना त्याचं हात कापत व्हतं. मी लांबना बघितला. तवाच मना समजला, ह्यो मना जगवनार."

त्यावर मी म्हटलं, भीती हे काही समर्थन नाही. तू म्हणालीस, तुझं लग्न झालं की बोल. मी म्हटलं, हा मुद्दा नाही. तू म्हणालीस, हाच मुद्दा हाय. हे भांडण आपण किती वेळा केलं! चहा पिताना, चिखलातल्या निवट्या मासळी साफ करताना, एकदा तर तू सेक्टरात दारोदार मासळी विकत होतीस आणि मी मागून पत्रकं वाटत होते तेव्हा, जिन्यात. तू एक पायरीही मागे हटली नाहीस. मीही नाही. माझं मत अजून तेच आहे. तुझंही असेलच.

पण त्या दिवशी तू एक गोष्ट सांगितली नव्हतीस, ती नंतर सांगितलीस. कापलेली रुई मेली नव्हती. पहिल्या पावसाळ्यानंतर तू बांधावर गेलीस तर बुंध्याच्या कडेने तीन-चार धुमारे. कोणाला सांगितलं नाहीस. पुढे नव्या शहरासाठी जमीन गेली, खाजणात भराव पडायला लागला, डंपर येऊन उभे राहिले, तेव्हा तू त्यांच्यासमोर कोयता घेऊन गेलीस आणि तिची मनगटाएवढी एक फांदी घेऊन घरी आलीस. लगेच नाही लावलीस. सावलीत, पडवीच्या पत्र्याखाली ठेवून दिलीस, कापल्या जागचा चीक वाळेपर्यंत. ओली लावली असती तर कुजली असती. मग मागच्या दारी, जिथे मुरूम आणि विटांचे तुकडेच आहेत, तिथे खोचलीस. शेणखत नाही, आळं नाही. "लाड केला का सडते ती," तू म्हणायचीस. वर्षभर ती रुसल्यासारखी होती. दुसऱ्या वर्षी उठली ती उठलीच. तिच्या शेंगा तडकल्या, आतल्या रेशमाला लटकून बिया पट्टीभर उडाल्या, आणि ती ओळ आपोआप उभी राहिली, जिचा मी फोटो काढत होते.

मी विचारलं होतं, "सवत आहे ना तुझी? मग जगवलीस कशाला?"

"ती मेली असती तं मना तिचं देनं लागला असतं जल्मभर. जिती हाय तं आमी दोगी बरोबरीच्या."

यावर पत्रकात घालता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. अजून नाही.

तू काही सगळं बरोबर करायचीस असं नाही हां. आता गेलीस म्हणून मी तुला देव्हाऱ्यात बसवणार नाही. सुरवंटांच्या बाबतीत तू चूक होतीस, साफ चूक. रुईच्या पानांवर ते काळे-पांढरे-पिवळे पट्ट्यांचे सुरवंट दिसले की तू खराटा घेऊन धावायचीस. एकदा मी आले तर तू बादलीत फिनेल कालवत होतीस! मी बादलीच लाथेने उलटी केली. तुझा ओटा दोन दिवस दवाखान्यासारखा वास मारत होता आणि तू मला जे काही बोललीस ते छापायला एकही छापखाना तयार होणार नाही.

मी तुला सांगत होते, की ही केशरी फुलपाखरं येतात ना फुलांवर, ती इथेच अंडी घालतात, दुसऱ्या झाडावर नाही घालत. रुईचं विष सुरवंट खातो, म्हणून त्याला पक्षी खात नाही. तू म्हणालीस, "आनि माजी पानं?" मी म्हटलं, येतील परत. आली. पण तुला पटलं ते माझ्या बोलण्याने नाही. पानाच्या मागे लोंबणारा तो कोष मी तुला दाखवला तेव्हा पटलं. हिरवट, आणि त्याच्यावर सोन्याचे बारीक ठिपके. तू चष्मा लावलास, काढलास, परत लावलास. "अगो बाय," म्हणालीस, "हा तं माज्या नथीचा मोती." मग सुरवंटांना तू किडे म्हणायचं सोडलंस. पाहुणे म्हणायला लागलीस. "पावन्यांनी आज लय खाल्ला." शनिवारी मारुतीला माळ घालायला सेक्टरातली पोरं स्कूटरवरून पानं मागायला यायची, तर तू आधी प्रत्येक पान उलटं करून बघायचीस, पाहुणा बसलाय का. चीक सीटला लागला म्हणून ती कुरकुरायची. तू म्हणायचीस, "मारुतीला चालतो, तुज्या सीटला नाय चालत?"

आणि माझी पत्रकं! मी तुला एक गठ्ठा दिला होता, डोंगर फोडून दगड नेतात त्या विरोधातला. म्हटलं, काकी, तू घरोघरी जातेस, वाट. तू म्हणालीस, वाटते. आठवड्याने आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंच्या हातात माझं पत्रक दिसलं. मी खूश! जवळ गेले तर त्यात सुकट. तू सगळा गठ्ठा सुकट बांधायला वापरलास. मी तुझ्याकडे येऊन थयथयाट केला. तू शांतपणे म्हणालीस, "तुजा कागद लय कामाचा हाय. वास भायेर येत नाय. आनि सोडताना समदी वाचतात, बाय. तू हातात दिलास का लगेच टाकतात." खोटं नव्हतं ते. त्या पत्रकावर फोन आले तेवढे कुठल्याच पत्रकावर आले नाहीत. एक बाई म्हणाल्या, अहो तुमचं ते सुकटीवालं पत्रक वाचलं.

हायवेच्या दुभाजकावर बघ, काय चाललंय ते. कुठल्या कुठल्या देशातून आणलेली शोभेची झाडं. न फूल, न फळ, न भुंगा. आणि भर उन्हात टँकर येऊन त्यांना पाणी घालतो, तेव्हा शेजारच्या पाड्यात बायका हंडे घेऊन रांगेत असतात. मी परवा त्या टँकरवाल्याला अडवलं. तो बिचारा म्हणाला, ताई, मला सांगितलं ते मी करतो. कोणी सांगितलं? त्याला माहीत नाही. इथे कोणालाच काही माहीत नसतं. त्या दुभाजकावर रुई लावली तर एक थेंब लागणार नाही, धूळ पानांवर घेईल, वर्षभर फुलेल. हे मी लेखी दिलं होतं. उत्तर आलं, विषारी वनस्पती आहे, डोळ्याला इजा होते. आहेच विषारी. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, हात धुवावेत, एवढं तर गावठाणातल्या पोरांनाही माहीत आहे. गाड्यांचा धूर डोळ्याला काय अत्तर लावतो?

हे मी तुझ्याकडे येऊन बोलायचे. तू अर्धं ऐकायचीस. मधेच म्हणायचीस, "जेवलीस का?" मला राग यायचा. आता दहा दिवस झाले, मला कोणी विचारलेलं नाही.

तुझ्या मागच्या दारी काकांच्या मागे उरलेला तो जुना बांबू टांगलाय ना, जाळी वाळत घालायचा? त्यात भुंग्यांनी गोल भोकं पाडून घर केलंय. दिनेशदादाला तो टाकून द्यायचा होता. तू देत नव्हतीस. म्हणायचीस, भुंगे कुठं जातील. मला वाटायचं, माझ्यामुळे तुला भुंग्यांचं प्रेम आलं. मग एकदा मी बघितलं, भुंगे रुईवर गेलेले असताना तू त्या बांबूवरून हात फिरवत होतीस, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दारातच थांबले आणि परत फिरले. तुझा काकांवर जीव होता का, हे मी तुला कधी विचारलं नाही. माझ्या युक्तिवादात ते बसत नव्हतं.

बरं, तर तुझ्या सवतीचं पुढे काय झालं ते सांगते.

सुतकाचे दिवस मी रोज आले. बायजाआजी रोज म्हणायची, "आली सेक्टरवाली." वहिनी मला चहा द्यायची आणि डोळ्यांनी सांगायची, आज नको बोलूस. मी बोलायचे. दिनेशदादा जासईकडच्या कंटेनर यार्डातून रजा घेऊन घरी बसला होता, दाढी वाढवून, मागच्या दारी, रुईकडे तोंड करून. मी त्याच्यासमोर सगळं मांडलं. ही किती उपयोगी आहे. भुंगे, फुलपाखरं. पाण्याशिवाय जगते. मुळं माती धरून ठेवतात, नाल्याची कड ढासळत नाही. मी बोलत होते आणि माझ्याच कानाला ते पत्रकासारखं वाजत होतं.

तो म्हणाला, "जालं?"

मी म्हटलं, "झालं."

"मना फुलपाखराचा राग नाय. म्हातारी बोलते त्यो पन मी धरत नाय. मी क्रेन चालवतो, मना समजते काय कशानी पडते." मग त्याने रुईचं एक गळलेलं पान उचललं. "माजी आयशी गेली तवा तिच्यासाटी कोनी झाड नाय कापला. दुसरीसाटी पन नाय. तिसऱ्या टायमाला बापाला अक्कल आली. हिला बगतो ना, तं मना माजी आयशी आठवते. तिना काय पाप केलेला?"

काकी, तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून तुझ्या ताटातलं जेवला. तुला आई म्हणाला. आणि इतकी वर्षं हे त्याने पोटात ठेवलं, तू असेपर्यंत. तू रोज त्याच्यासमोर त्या झाडाशी बोलायचीस, हसायचीस, सवत म्हणायचीस. त्याला काय वाटत असेल, हे तुला कळलं होतं का? मला वाटतं कळलं नसावं. मलाही नाही कळलं. तुमच्या घरात मी इतकी बोलले आणि त्याला एकदाही विचारलं नाही.

मी म्हटलं, "तुझी आई रस्ता नव्हता म्हणून गेली. दवाखाना नव्हता म्हणून."

"म्हाइत हाय," तो म्हणाला. "मग आता रस्त्यावर कोयता मारू?"



काल दहावा झाला. खाडीच्या घाटावर, सकाळी. बायकांनी जायचं नसतं म्हणतात. मी गेले. वहिनी पण आली, मग बायजाआजी पण आली, कारण ती मागे राहिली असती तर तिला पुढे सांगायला काय उरलं असतं? ओहोटी होती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. दिनेशदादाचं मुंडण झालेलं डोकं उन्हात फार लहान दिसत होतं. पिशवीत दर्भ, पीठ, तीळ होते, आणि स्कूटरच्या डिकीत कोयता. घाटावरून परस्पर मागच्या दारी जायचं त्याने ठरवलं होतं.

भटजी तरुण होते. पनवेलचे, कानात मोबाइलची ती बिनतारी गुंडी घालून आलेले, ती काढून खिशात टाकली. मी त्यांच्याकडे वाईट नजरेनेच बघत होते, तुला माहीत आहे मी कशी बघते. पिंड झाल्यावर ते म्हणाले, "आता घरातल्या गेलेल्यांची नावं सांगा. एकेकाच्या नावाने तीळपाणी सोडा."

दिनेशदादाने वडिलांचं नाव घेतलं, पाणी सोडलं. मग आजोबा, आजी. मग आईचं. तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, काकी. गंगाबाई. मग दुसरीचं, पार्वती. मग तुझं. तुझं नाव घेताना त्याचा आवाज फुटला.

भटजींनी बोटं मोजली. "आजी मघाशी म्हणाल्या, या चौथ्या. मग तिसऱ्या राहिल्या. त्यांचं नाव?"

सगळ्यांनी दिनेशदादाकडे पाहिलं. शेवटी बायजाआजीच म्हणाली, "ती मानूस नाय. रुई हाय. तिच्याशी लगीन लावलेला."

मला वाटलं, आता हा हसेल, आणि हसला तर मी याला खाडीत ढकलेन. तो हसला नाही. त्याने नुसतं विचारलं, घरातल्या कोणाबद्दल विचारावं तसं, "त्या गेल्या का?"

"नाय," दिनेशदादा म्हणाला. "उभी हाय. मागच्या दारी."

"मग त्यांच्या नावाने इथे सोडू नका. असलेल्यांना तीळपाणी देत नाहीत." आणि तो पुढच्या मंत्राला लागला.

दिनेशदादाची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांमधून गळून गेलं तरी तो हात खाली करेना. वहिनीने त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा त्याने केला.

परत येताना तो स्कूटर फार हळू चालवत होता. मी मागून रिक्षाने. घरी येऊन तो सरळ मागच्या दारी गेला. डिकी उघडली नाही. वहिनीकडून तांब्या मागून घेतला, भरून आणला आणि रुईच्या बुंध्याशी ओतला. सगळा. परत भरायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "दादा, बास. हिला एवढं पाणी सोसत नाही." तो थांबला. फुलांवर दोन भुंगे होते, ते त्याच्या टकलाभोवती एक गिरकी घेऊन परत फुलावर बसले.

"किती वर्षं जगते ही?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "कोणी तोडली नाही तर पुष्कळ."

"नाय तोडनार. तीन गेल्या. एक आये ऱ्हायली."

बायजाआजी दारात उभी होती. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मग, तुला विश्वास बसणार नाही, मिटलं. आत गेली. आतून भांड्यांचा मोठा आवाज आला.

काकी, मला हे आवडलेलं नाही. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. झाड वाचलं ते मी सांगितलेल्या कारणांनी नाही. ते वाचलं त्याच लग्नामुळे, ज्याच्याविरुद्ध मी तुझ्याशी भांडले, आणि त्या भटजीमुळे, ज्याला मी ढकलायच्या बेतात होते. ते लग्न चूक होतं. आजही चूक आहे. कोणी उद्या लावलं तर मी जाऊन अंतरपाट ओढेन. आणि तुझी रुई जगली याचा मला इतका आनंद झालाय की काल रात्री घरी जाऊन मी दार लावून रडले. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, नाय बसली तं नाय, उभी ऱ्हाऊ दे.

तुझे आभार मानायचे राहिले. कशाकशाचे ते मी लिहीत नाही. तू मला कधी ताई म्हटलं नाहीस, मॅडम म्हटलं नाहीस, माझ्या कामाला चांगलं काम म्हटलं नाहीस. बाय म्हटलंस आणि समोर बसवून भांडलीस. मला तेवढंच पाहिजे होतं, हे मला तू गेल्यावर कळलं.

आज सकाळी मी परत गेले. दिनेशदादा यार्डात जायच्या कपड्यात मागच्या दारी उभा होता. पानं उलटी करून बघत होता. मला बघून जरा लाजला. म्हणाला, "हिला काय हाक मारू?"

मी म्हटलं, "रुई म्हण. रुईच आहे ती."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी काहीतरी फार अडाणी बोलले.

"आयेला कोन नावानी हाक मारते, बाय?"